आपण इथं येऊन कॅथलिक झालो का?

प्रिय सानू,

परवा शाळेतून आलीस आणि दप्तर खाली ठेवायच्या आधीच विचारलंस, "आई, आपण डब्लिनला आल्यावर कॅथलिक झालो का?" वर्गातली कुणी म्हणाली होती की इंडियन लोक हिंदू असतात, शाळेत जागा मिळावी म्हणून तुम्ही धर्म बदलला असेल. त्या मुलीचा राग नाही आला, तिला कोण सांगणार? पण तुला स्वतःला उत्तर ठाऊक नव्हतं, ते मनाला लागलं. वर तुझी पुरवणी होतीच: "मग भाजी निवडताना तू तुकाराम का म्हणतेस?"

तेव्हा मी एवढंच म्हटलं की आपण वसईचे. आता नीट लिहिते. मराठीत लिहितेय, अडलं तर पप्पांना विचार.

आपण कधीपासून कॅथलिक, ते आधी सांगून टाकते. पोर्तुगीज 1534 मध्ये वसईत आले आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत राहिले. त्या दोनशे वर्षांत आपले पूर्वज ख्रिस्ती झाले. सगळे राजीखुशीनं झाले असं मी तुला सांगणार नाही, कारण ते खरं नाही. पण पोर्तुगीज गेल्यावरही आपली माणसं ख्रिस्ती राहिली, तीच शेतं नांगरत, तीच भाषा बोलत. मला त्याचाच अभिमान वाटतो. आणि वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया 5 फेब्रुवारी 1597 ला जपानात, नागासाकीला, क्रुसावर मेला. भारतातला पहिला संत तो. इथं आयर्लंडमध्ये पॅट्रिक त्याच्याही हजारेक वर्षं आधी येऊन गेला होता, तेव्हा कोण जुनं यावरून भांडू नकोस. फक्त आपण काल आलेलो नाही, एवढं तुला माहीत असू दे.

मात्र यातलं काहीच मी लहानपणी धर्म म्हणून शिकले नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात सिस्टर प्रश्नोत्तरं घोकून घ्यायच्या, ती केव्हाच विसरले. राहिलं ते भलतंच. आमच्या आळीतली मुलं नाताळचा गोठा करायची. महिनाभर आधी नाचणी पेरायची, डालड्याच्या डब्याच्या झाकणांत, जुन्या ताटल्यांत, जे मिळेल त्यात. नाताळपर्यंत हिरवीगार रोपं यायची, ती म्हणजे बेथलेहेमची कुरणं. एका वर्षी गोठ्यामागून पुठ्ठ्याची विरार लोकल जात होती, दारांत माणसं लोंबकळत होती. मेंढपाळांच्या शेजारी लाल लुगडं नेसलेली एक बाई, डोक्यावर राजेळी केळ्यांची टोपली. तिचा चेहरा मातीचा, नाक जरा वाकडं झालेलं. माझी आजी कितीतरी वेळ त्या बाईकडे बघत उभी राहिली, कारण तीही तसंच लाल लुगडं नेसायची आणि तशीच केळी घेऊन बाजाराला जायची. बाळ येशूच्या पायाशी आपल्यातलीच कुणीतरी आहे, हे तिला कुठल्याही प्रवचनानं सांगितलं नसतं. तिच्या तरुणपणी तर मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनमध्ये असायची. व्हॅटिकनची दुसरी परिषद 1965 ला संपली, त्यानंतर वेदीवरून मराठी ऐकू येऊ लागलं.

आणि बँड! आमच्याकडे लग्नाला बँड लागतोच. ट्रम्पेट वाजवणारे एक काका होते. शनिवारी लग्नात सिनेमाची गाणी, रविवारी चर्चच्या सणाला मिरवणुकीत भक्तिगीतं. वाद्य तेच, ओठ तेच, अंगात कोटही तोच. गाणं संपलं की खिशातल्या चौकटीच्या रुमालानं तोंडाकडचा भाग पुसायचे, ट्रम्पेट वाकडा करून आतलं पाणी जमिनीवर झटकायचे आणि पुढचं सुरू. त्यांच्यात लग्नाचे सूर वेगळे आणि देवाचे वेगळे असं मला कधी दिसलं नाही.

मोठी झाल्यावर कळलं की सिनेमाच्या त्या गाण्यांतही चर्च होतंच. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळी चर्चला जोडलेल्या शाळांत पोरांना व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवायचे, गायनमंडळासाठी. तीच पोरं पुढे मुंबईला आली आणि स्टुडिओत बसून हिंदी गाण्यांना साज चढवू लागली. शंकर-जयकिशनच्या कितीतरी गाण्यांचं वाद्यसंयोजन सेबॅस्टियन डिसूझांनी केलं. संगीतकार प्यारेलालना व्हायोलिन शिकवणाऱ्या मास्तरांचं नाव अँथनी गोन्साल्विस, आणि 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या त्या गाण्यात तेच नाव आलं. तुला त्या सिनेमात फक्त अंड्यातून बाहेर येणारा अमिताभ आवडतो. सिनेमातला ख्रिस्ती माणूस बहुतेक वेळा दारूच पीत असायचा, त्यानं मला शाळेत फार चिडवून घ्यावं लागलं. पण मागे वाजणाऱ्या व्हायोलिनांत कुणाची तरी वेदीसमोरची तालीम आहे, हे कळल्यापासून मी ती गाणी वेगळ्या कानांनी ऐकते.

आता तुकाराम. तो तुझ्या आजोबांकडून आला. आजोबा रोज विरार लोकलनं चर्चगेटला कामाला जायचे. त्यांच्या डब्यात भजनी मंडळ होतं. टाळ, चिपळ्या आणि डब्याच्या पत्र्यावर ठेका. आजोबांच्या शर्टाच्या खिशात जपमाळ आणि हातात मंडळाचे टाळ. डब्यात कुणी त्यांना जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. त्यांचा आवाज लागायचा, तेवढं पुरे होतं. घरी आले की हातपाय धुताना 'जे का रंजले गांजले' चालूच. एकदा तुझ्या आजीनं विचारलं, फादरना चालेल का हे? आजोबा म्हणाले, भुकेल्याला दिलंत ते मला दिलंत असं प्रभू म्हणतो, तुकोबा दुसरं काय म्हणतो? ना. वा. टिळकही म्हणायचे की मी तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो. ते 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. आपल्या पंथाचे नव्हेत, प्रोटेस्टंट, तरी त्यांची भजनं आमच्या गायनमंडळात असायची.

आजोबांचं म्हणणं पूर्णपणे बरोबर होतं का, यावर मी अजून विचार करते. विठ्ठल आणि ख्रिस्त एकच, असं मी म्हणत नाही. वारकऱ्यालाही ते आवडणार नाही कदाचित. पण मला दया म्हणजे काय ते या दोन्ही आवाजांतून एकदमच कळलं, आणि आता त्यातला एक काढून ठेव म्हटलं तर मला ठेवता येणार नाही.

इथं संध्याकाळी सहाला टीव्हीवर बातम्यांच्या आधी प्रार्थनेची घंटा वाजते, तेव्हा मी कालथा खाली ठेवते हे तू पाहिलंस. रेडिओवर ती 1950 पासून वाजते आहे. इथल्या कितीजणांना ती आता नकोशी झालीय, सरकारी वाहिनीवर कशाला असं ते म्हणतात, आणि त्यांचंही म्हणणं मला समजतं. पण आमच्या गावात सांजेची घंटा झाली की बागायतीत पाणी लावणारा माणूससुद्धा तिथंच उभा राहून क्रुसाची खूण करायचा. मला कुणी थांबायला सांगितलं नव्हतं. सगळे थांबायचे, म्हणून मीही. तू थांबावंस असं मी म्हणत नाही. तू सोफ्यावर बसून मोबाइल बघत असतेस, तेही ठीक.

खरं सांगू, मला भीती वेगळीच वाटते. इथल्या चर्चमध्ये तू कम्युनियन घेतलंस, पांढरा फ्रॉक, पार्टी, पाकिटं, सगळं छान झालं. पण तुझ्या देवाला तुझ्या घराचा वास येत नसेल तर? आमच्या देवाला नव्या भाताच्या कणसांचा वास यायचा, मेणबत्तीचा, मोगऱ्याच्या गजऱ्यांचा. मी तुला इथं ते काय देणार? एखादा अभंग, डिसेंबरात खिडकीत पेरलेली नाचणी, एवढंच. गेल्या वर्षी थंडीनं ती धड उगवलीही नाही. यंदा हीटरजवळ ठेवून बघू, तुला हवं असेल तर.

दृढीकरणासाठी, म्हणजे तुमच्या कन्फर्मेशनसाठी, संताचं नाव निवडायचंय, तर तुझं तू निवड. गोन्सालो मुलाचं नाव आहे, शिवाय वर्गात सतत स्पेलिंग सांगत बसावं लागेल, कळतं मला. ब्रिजिड घेतलंस तरी आजीला आवडेल, ती गाईगुरांची, दुधालोण्याची संत, आणि आजीच्या गोठ्यात जन्मभर गाई होत्या. फक्त त्या मुलीनं परत विचारलं तर गप्प बसू नकोस. वसई कुठं आहे ते तिला नकाशावर दाखव.

आणि रविवारी आजीला फोन लावू तेव्हा बँडचं आणि लोकलचं तिलाच विचार. तिनं माझ्यापेक्षा वेगळं सांगितलं, तर तिचं खरं मान.

तुझी,
आई