साडेपाचचा गजर

प्रश्न : मावशी, सलाम. सात महिन्यांपूर्वी माझा मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला. २६ वर्षांचा होता, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कामाला जायचा. सहा दिवस आयसीयूत होता. चर्चच्या मंडळीनं उपास-प्रार्थना केल्या, तरी गेला. दफनाच्या दिवशीच एक जण म्हणाले, "विश्वास कुठंतरी कमी पडला." एक बाई म्हणाल्या, "प्रभूला तो जास्त आवडला." तेव्हापासून उपासनेत गीत सुरू झालं की माझा घसा आवळतो. त्याच्या मोबाईलचा साडेपाचचा गजर अजून वाजतो, मी बंद केलेला नाही. मला देवाचा राग येतो. मी अजून ख्रिस्ती आहे का?
— एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, सलाम. आधी गजराचं सांगते. बंद करू नका. घरातलं कुणी वैतागलं तरी नको. एखाद्या दिवशी तुमचाच हात जाईल तेव्हा जाईल.

'विश्वास कमी पडला' हे वाक्य वाचून माझा हात थरथरला. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंडनंतर केडगाव लागतं. तिथं पंडिता रमाबाईंनी शेकडो निराधार बायकांना आसरा दिला. दुष्काळात रमाबाईंचे स्वतःचे आईवडील गेले, थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा. पदरात लेक मनोरमा उरली, आणि १९२१ मध्ये तीही आईच्या आधी गेली. बायबलचं मराठी भाषांतर करण्यात या बाईनं आयुष्याची अखेरची वर्षं घातली. त्यांचा विश्वास कुणी कुठल्या मापानं मोजावा? तुमच्या मुलाचा जीव तुमच्या प्रार्थनेच्या वजनावर टांगलेला नव्हता, ताई. तसं म्हणणाऱ्यानं देवाचंही नाव खराब केलं आणि तुमच्या जखमेवर मीठही चोळलं.

आता रागाचं. योहानाच्या शुभवर्तमानात, अकराव्या अध्यायात, लाजार मरून चार दिवस झाल्यावर येशू बेथानीला येतो. मार्था सामोरी जाऊन म्हणते, प्रभूजी, आपण इथं असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळानं तिची बहीण मरीया येते, पायांशी पडते आणि तेच वाक्य बोलते. दोघींच्या तोंडी एकच वाक्य! मला वाटतं, ते चार दिवस त्या घरात दुसरं काही बोललंच गेलं नसेल. येशू दोघींनाही रागवत नाही. मार्थाशी तो पुनरुत्थानाबद्दल बोलतो. मरीयेला मात्र एका शब्दानं शिकवत नाही. तिचं रडणं पाहतो, आणि कबरीकडे जाता जाता स्वतः रडतो. तक्रार एकच, पण एकीला बोलणं मिळालं आणि दुसरीला आसवं. आपल्या मंडळीत दारात येणाऱ्या प्रत्येकीला आपण मार्थाच समजतो. तुम्ही सध्या मरीया आहात.

माझे यजमान दोन वर्षं डायलिसिसवर होते. ऐन मे महिन्यात गेले. आठवडाभर घर भरलेलं होतं, मग रिकामं झालं. शेजारच्या पद्मशाली घरातल्या अक्का विड्या वळायच्या. दुपारी त्या मांडीवर सूप घेऊन माझ्या उंबऱ्याशी येऊन बसायच्या. तेंदूची पानं कातरायच्या, वळायच्या, दोरा बांधायच्या. बोलणं नाहीच. चार वाजता उठून माझ्याच स्वयंपाकघरात चहा करायच्या, कधी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढं ठेवायच्या. कातरीचा तो आवाज अजून कानात आहे. पुढं कधीतरी बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक उघडलं. सगळं गमावून बसलेला माणूस. त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री एक शब्द न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसून होते. तोंड उघडलं तिथंच त्यांचं चुकलं. अक्कांनी बायबल कधी हातात धरलं नव्हतं, पण देवानं माझ्याकडे त्यांनाच धाडलं असं मी आजही मानते.

वर्षभर मला प्रार्थना येत नव्हती. एकच वाक्य निघायचं, तू कुठं होतास? पुढच्या उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, भर बाराच्या उन्हात देवळात जाऊन बसले. पंखे फिरत होते, घाम थांबत नव्हता. येशूचा क्रुसावरचा चौथा उद्गार वाचला गेला : माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? लहानपणापासून दर वर्षी ऐकलेलं वाक्य. त्या दिवशी कळलं की माझंच वाक्य त्यानं माझ्या आधी म्हणून ठेवलंय. माझं दुःख कमी झालं नाही. पण तक्रार करताना मी देवाच्या बाहेर उभी आहे, असं परत कधी वाटलं नाही. राग त्यालाच सांगताय ना? मग तुम्ही ख्रिस्तीच आहात. तिथं शंका नको.

गीत म्हणू नका. मागच्या बाकावर बसा, इतरांना तुमच्या वाटचं म्हणू द्या. घरी बायबलमधलं ८८ वं स्तोत्र वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी उजेड बळेच आणलेला नाही. भगिनी मंडळाच्या बायका भेटायला आल्या तर सांगा, "बोलू नका, नुसत्या बसा." हवं तर हा अंक त्यांच्या हातात द्या.

झोप आणि जेवण तुम्ही लिहिलं नाही म्हणून विचारते. रात्र रात्र डोळा लागत नसेल, जगू नये असं मनात येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. औषध घेतल्यानं विश्वास उणा होत नाही.

ईस्टरला पहाटे आपली माणसं कबरस्थानात जातात, फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. त्याचा गजर साडेपाचला वाजतोच. उठवलं तर त्याच्याकडे जाऊन या. यंदा पाय उचलला नाही तर पुढच्या वर्षी जा.