बोटावरचा सेन्सर आणि पीएचडी

प्रश्न : इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. पीएचडीसाठी मॅक्स३०१०२ या बोटावर प्रकाश टाकणाऱ्या सेन्सरने रक्तातला ऑक्सिजन मोजतोय, पण आकडे सारखे उड्या मारतात. काय करू?

उत्तर : आधी बोटाचा दाब पाहा. जोरात दाबलं की रक्त सरकतं, स्पंदन दिसेनासं होतं. हलक्या स्प्रिंगची क्लिप घ्या, वर काळं कापड टाका. लाल ६६० आणि इन्फ्रारेड ८८० नॅनोमीटरचे कच्चे सिग्नल १०० हर्ट्झने नोंदवा, स्पंदनासाठी ०.५ ते ५ हर्ट्झचा फिल्टर लावा. सिग्नलचा स्पंदनाबरोबर न बदलणारा स्थिर भाग मात्र फिल्टरआधीच्या सिग्नलमधूनच घ्या, नाहीतर ज्यावरून ऑक्सिजन काढतात ते लाल-इन्फ्रारेडचं गुणोत्तरच चुकतं.

खरी अडचण पुढे आहे. निरोगी विद्यार्थी सगळे ९७-९९ टक्क्यांत. कमी ऑक्सिजनचे आकडे नसतील तर तेवढ्यावर अचूकता सिद्ध होत नाही. म्हणून रुग्णालयातल्या डॉक्टरांना सहमार्गदर्शक घ्या. नैतिकता समितीची मंजुरी मोजणीआधीच मिळवा, माणसं आपल्याच वर्गातली असली तरी.