तोंड नको, कागद दे

प्रिय मित्रा,

गल्लीच्या मंडळाची वर्गणी तू गोळा केलीस आणि आता लोक विचारतायत, तुझी नवी गाडी कशातनं आली. तू ग्रुपवर सात उत्तरं टाकलीस. सातही काढून टाक. तोंडाला तोंड देऊ नकोस, कागद दे.

कागद म्हणजे काय तेही सांगतो, कारण तुम्ही पोरं 'हिशोब आहे की' म्हणता आणि तो कुणाच्यातरी मोबाईलमध्ये असतो. नंबर छापलेली पावतीपुस्तकं घ्या, कार्बनसह. कुठलं पुस्तक कुणाकडे, कुठल्या नंबरपासून कुठपर्यंत, हे वहीत सहीनिशी लिहा. चुकलेली पावती फाडून टाकायची नाही. आडवी रेघ, 'रद्द', आणि दोन्ही प्रती पुस्तकातच. हरवलेल्या एका पावतीवरून महिनाभर कुजबुज चालते. बँकेत दोघांच्या सह्या, आणि पैसे घ्यायचा क्यूआर मंडळाच्या खात्याचा. तुझा होता ना? मग अर्धं भांडण तिथंच आहे, जळणाऱ्यांना कशाला दोष देतोस!

नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणीआधी धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते: सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०, कलम ४१ क. नंतर हिशोबही द्यावा लागतो. तोच मंडपाच्या खांबाला चिकटव. मांडव, स्पीकर, प्रसाद, मिरवणूक, शिल्लक. बिलांची फाईल शेजारी.

ज्याला खजिनदार व्हायचं होतं तो खांबापाशी येणार नाही, हे धरून चाल. त्याला आकडे नकोतच. पुढच्या बैठकीत हिशोब तपासायला त्याचंच नाव सुचव. मग बोलायचं तर सही करून बोलावं लागेल. नाही म्हणाला तर तेही इतिवृत्तात लिही. पुन्हा कागदच, हो.

त्याला घरी भेटायला जायचं तर एकटा जा, आणि पाणी यायच्या दिवशी मुळीच नको. आपल्याकडे नळ रोज येत नाही. त्या तासा-दोन तासांत बॅरल, घागरी आणि मोटरीच्या मध्ये उभा असलेला शहाणा माणूसही वसकन अंगावर येतो. ते तुझ्याबद्दल नसतं.

'काय बे'ला अपमान समजत बसलास तर सोलापुरात राहणं कठीण. मित्राचा 'बे' वेगळा. चारचौघांत, आवाज चढवून, तुझ्या वडिलांदेखत आलेला 'बे' टोचतो, मान्य. तेव्हा उलट 'बे' करू नकोस, सरळ 'तुम्ही'वर जा. समोरचा गांगरतो. मग म्हण, उद्या संध्याकाळी वही घेऊन येतो.

धमकी दिली, हात उगारला, तर मात्र थेट पोलीस ठाणं. मुद्दाम डिवचण्यासाठी केलेला अपमान भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५२ खाली येतो, पण तो अदखलपात्र. नोंद होते, न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. त्या अदखलपात्र नोंदीची, म्हणजे एनसीची, प्रत मागून घे. उठसूट मात्र जाऊ नकोस. शेजारी शेवटी तोच राहणार आहे.

मला मागून 'कागदी घोडा' म्हणतात, ठाऊक आहे. म्हणोत. हिशोब चोख असूनही काही माणसं तुटली ती तुटलीच, ते मला सांधता आलं नाही. पण चोर कुणी म्हणालं नाही.

रविवारी सगळी पुस्तकं घेऊन ये, पहिल्या पावतीपासून बसू. क्यूआर आजच बदल.