‘देवाने आमच्याच घरापासून सुरुवात केली का?’

साक्री तालुक्यातला चाळिशीचा शेतकरी. घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, स्वतः मंडळीचा, म्हणजे गावच्या चर्चचा, पंच. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मार्चच्या गारपिटीत कांदा झोपला. मे महिन्यात बायकोचं पोट तिसऱ्या महिन्यातच रिकामं झालं. त्यानंतरच्या रविवारी उपदेशात बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातलं वचन, 1 पेत्र 4:17, आलं: न्यायनिवाडा देवाच्या घरापासून सुरू होतो. त्या रात्रीपासून त्याची झोप उडाली.

धुळे-नंदुरबारकडच्या मंडळ्यांतून ही शंका माझ्याकडे वारंवार येते. आम्ही देवाला वाहिलेली माणसं, मग आमचाच हिशोब आधी आणि जास्त कडक होतो का?

अशा वेळी ‘देव प्रेमळ आहे, काही मनात आणू नका’ असं पहिल्याच भेटीत सांगून टाकलं की माणूस मान डोलावतो आणि तसाच परत जातो. आधी विचारायचं ते वेगळंच. ‘दादा, रात्री जाग आली की पहिल्यांदा डोळ्यांसमोर काय येतं? गारा, बाळ, की कुणाचा चेहरा?’

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, ‘ताई, सालदार.’

सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी. आपल्याकडे त्याचं साल आखाजी (अक्षय्य तृतीया) ते आखाजी. याच्या सालदाराचं 90,000 ला ठरलं होतं. मधे तो टायफॉइडने पडून राहिला, तर आखाजीला हिशोब करताना मालकाने खाडे धरून 12,000 कापले. ठरताना खाड्याचा विषयच निघाला नव्हता. सालदार काही न बोलता उठून गेला.

इथे कागदाचे दोन भाग करायचे. एकीकडे जिथे माणूस आणि कृती दोन्हींचं नाव घेता येतं ते. दुसरीकडे जिथे फक्त आपत्ती आहे आणि भीती आहे. 12,000 पहिल्या भागात. गारा आणि बाळ दुसऱ्या.

पहिल्या भागाचं उत्तर बायबलच्या लेवीय या पुस्तकातच आहे. ‘मी पवित्र आहे म्हणून तुम्हीही पवित्र व्हा’ असं ज्या 19व्या अध्यायात सांगितलंय, त्याच अध्यायात मजुराची मजुरी रात्रभर अडवू नका, शेताच्या कडेचं पीक गरिबासाठी सोडा, वजनमापं खरी ठेवा, हेही आहे. देवाला वाहिलेलं आयुष्य तिथे शेताच्या बांधावर आणि काट्यावर मोजलं जातं. अडवलेलं कसं फेडायचं तेही लेवीय 6 मध्ये ठरवून दिलंय: मूळ रक्कम पूर्ण, वर पाचवा हिस्सा. म्हणजे 12,000 आणि 2,400, एकूण 14,400. आधी ज्याचं त्याला, मग देवापुढे अर्पण. बहुतेक जण हा क्रम उलटा करतात. उपास वाढवतात, दशमांश वाढवतात आणि सालदाराच्या घराकडे फिरकत नाहीत.

देताना काय चुकतं तेही सांगायला हवं. ही रक्कम पुढच्या सालाच्या उचलीत वळती करायची नाही. तसं केलं की फेडीच्या नावाखाली माणूस आणखी वर्षभर बांधला जातो. मंडळीत उभं राहून साक्ष म्हणून सांगायची नाही. सालदाराची शोभा होते. ‘आता माफ केलं म्हण’ असा आग्रह नको, माफी ही पैशाची पावती नव्हे. त्याच्या घरी जायचं, रक्कम आणि कारण दोन वाक्यांत सांगायचं, पैसे द्यायचे आणि निघायचं. त्याने तसंच केलं. सालदाराने नोटा मोजल्या, खिशात घातल्या आणि विचारलं, ‘चहा घेता का?’

दुसरा भाग मात्र फेडून संपत नाही, कारण तिथे फेडण्यासारखं काही नसतं. दिवस गेल्याचं कळल्यानंतरही साधारण 10 ते 20 टक्के गर्भ टिकत नाहीत, आणि सुरुवातीच्या महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गुणसूत्रांतल्या दोषामुळे पडतात. हे बायकोला समोर बसवून सांगावं लागतं, नाहीतर ‘कुणाचं पाप’ याचा शोध शेवटी तिच्यावरच येऊन थांबतो. सिलोहचा बुरूज पडून 18 माणसं मेली, ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, या प्रश्नाला लूक 13 मध्ये येशूने स्पष्ट ‘नाही’ म्हटलंय. पश्चात्तापाची हाक मात्र ऐकणाऱ्या सगळ्यांनाच दिलीय. आणि पेत्राचं पत्र विश्वासापायी छळ सोसणाऱ्यांना लिहिलेलं आहे. ते गारपिटीच्या पंचनाम्याला लावू नये.

एक धोक्याची खूण. हा गृहस्थ आठवड्यातून तीनदा पाळकांकडे जाऊन तेच पाप कबूल करायचा. दर वेळी दिलासा मिळायचा, दुसऱ्या दिवशी शंका परत. म्हणून पाळकांशी ठरवलं: कबुली एकदाच ऐकायची, नंतर ‘यावर बोलून झालंय’ एवढंच म्हणायचं. त्याचं महिन्याभरात कमी झालं. पण असे विचार आणि कबुल्या रोज तासाहून जास्त वेळ खात असतील, तर तो ओसीडी, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा मनाचा आजार, असू शकतो. मग मानसोपचारतज्ज्ञ लागतात. औषधाचा परिणाम दिसायला 8 ते 12 आठवडे जातात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

यावर हमखास येणारा प्रश्न: सालदार वारला असेल तर? बायबलच्या गणना या पुस्तकातल्या 5व्या अध्यायाप्रमाणे ती रक्कम जवळच्या नातेवाइकाची, आणि असा कुणीच नसेल तरच याजकाकडे. म्हणजे दानपेटीकडे वळण्याआधी त्याची बायको किंवा मुलं कुठल्या गावी आहेत ते शोधायचं.