कबुतर मारायचं नाही, पण क्ले शूटिंगला जायचंय!

या वेळी उडत्या ताटल्यांवरच्या नेमबाजीबद्दल तीन पत्रं एकदम आलीत, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, रागावू नका.

प्रश्न : ताई, लेक-जावई इंग्लंडात सरे भागात राहतात, आम्ही दोघं उन्हाळ्यात तिकडं चाललोय. ह्यांच्या एकसष्टीचं सरप्राइज म्हणून जावईबापूंनी क्ले पिजन शूटिंगचं बुकिंग करून ठेवलंय. हे माळकरी, वारी चुकवत नाहीत, नाव ऐकल्याबरोबर म्हणाले की कबुतरं मारायला मी विमानात बसणार नाही. जावयाचं तोंड पडलंय आणि लेक माझ्यावर चिडलीये. त्यात ह्यांच्याकडं बंदुकीचं लायसन नाही, उजवा खांदा अधूनमधून धरतो, आणि मी साडीच नेसते. जावं का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : काकू, बिनधास्त जा, आणि काकांना पहिल्यांदा हे सांगा की तिथं एकही पक्षी मरत नाही. पिजन फक्त नावापुरतं उरलंय. उडते ती एक छोटी ताटली, 110 मिलिमीटर रुंद, वजन साधारण 105 ग्रॅम, बहुतेक वेळा भगवी नाहीतर काळी. म्हणायला क्ले, पण हल्ली मातीचीही नसते, चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखा पदार्थ एकत्र करून साच्यातून काढतात, म्हणून छर्रा लागला की फटकन भुगा होतो. पूर्वी मात्र खरी कबुतरं पेटीतून सोडून मारायचे, 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येसुद्धा हा प्रकार झालाय. अमेरिकेत लिगोव्स्की नावाच्या माणसानं 1880 मध्ये मातीच्या ताटलीचं पेटंट घेतलं, आणि इंग्लंडनं 1921 मध्ये कायदा करून पिंजऱ्यातून पक्षी सोडून मारणं बंदच केलं. म्हणजे कबुतरांची सुटका होऊन शंभर वर्षं उलटली, काकांनी माळ घालून खुशाल जावं.

लायसनचं म्हणाल तर तिथल्या 1968 च्या फायरआर्म्स कायद्यात त्याची सोय आहे, पोलिसांनी मंजूर केलेल्या जागी आणि वेळी ताटल्यांवर बार काढायला पाहुण्याला स्वतःचं सर्टिफिकेट लागत नाही, बंदूक तिथलीच आणि शिकवणारा तुमच्या खांद्याशी उभा. आधी एक फॉर्म भरून घेतात, त्यात पूर्वी तुरुंगवास झालाय का असंही विचारतात, काकांनी मनाला लावून घेऊ नये, सगळ्यांनाच विचारतात. जावयाला तेवढं विचारून ठेवा की ग्राउंडवाल्यांना ‘पहिल्यांदा येणारे’ असं कळवलंय ना.

आता खांदा. बंदूक बहुतेक बारा बोअरची, एकावर एक नळ्या असलेली, वजन तीन-साडेतीन किलो. धक्का बसतोच, पण लोकांचे खांदे काळेनिळे होतात ते बंदूक दंडावर टेकवली किंवा घाबरून सैल धरली म्हणून. दस्ता गळ्याच्या हाडाखाली जी खळगी असते तिथं घट्ट बसवायचा, गाल दस्त्याला चिकटवायचा, आणि अंग थोडं पुढं झुकवायचं, आपल्या लोकांची सवय अशी की बंदूक हातात आली की मागं रेलतात, मग धक्का सगळा पाठीत. काकांसाठी 21 ग्रॅमचं काडतूस मागून घ्या, हलकं असतं. धक्का कमी बसणारी सेमी-ऑटोमॅटिक असली तर ती विचारा. पंचवीस ताटल्या भरपूर झाल्या, पन्नासचं पॅकेज पैसे वसूल म्हणून संपवायचं नाही. खांदा त्या आठवड्यात धरलेला असेल तर फक्त बघायला जा, आणि पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंदुकीला हात नको.

साडीचं काय, चालते, तिथं कुणी अडवत नाही. पदर डाव्या खांद्यावर आणि दस्ता उजव्या, त्यामुळे पिन तशी आड येत नाही (डावखुऱ्या असाल तर पिन काढाच). पण गवत ओलं असतं, काठ भिजतो, आणि कडेनं वारा सुटला की एका हातानं पदर आवरत दुसऱ्या हातानं बंदूक हे काही खरं नाही, त्या दिवसापुरता ड्रेस घाला आणि पायात बूट. मंगळसूत्र आत टाका, मणी दस्त्याखाली आले तर असे रुततात की संध्याकाळपर्यंत वळ जात नाही. कानातले मोठे झुमके घरीच, कारण वरून इअरमफ बसतात. चष्मा हवाच, नंबरचा नसेल तर ते देतात, आणि पुढं झाप असलेली टोपी, फुटलेल्या ताटलीचे तुकडे कधीकधी डोक्यावर येतात. छर्रे शिश्याचे असतात, म्हणून बार काढून झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय तुमचा तो दशम्यांचा डबा उघडायचा नाही.

आणि एक, हे हात जोडून सांगते. बंदूक हातात असताना फोटोसाठी मागं वळायचं नाही. कुणी कितीही ‘बाबा इकडे बघा’ म्हणो. बार झाला की बंदूक मोडायची, म्हणजे बिजागरीतून उघडायची, रिकामी काडतुसं टणकन बाहेर उडतात, तो जळक्या दारूचा वास येतो, मग उघडी बंदूक शिकवणाऱ्याच्या हातात द्यायची आणि त्यानंतर काय त्या सेल्फ्या. नाहीतर तिथं पहिल्या मिनिटाला बाहेर काढतात आणि बरोबरच करतात.

जवळ असेल तर बिस्लीची नेमबाजी रेंजही बघून या, सरेमध्येच आहे. 2002 च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेतली नेमबाजी तिथं झाली होती. आपल्या अंजली भागवतनं रायफलमध्ये चार सुवर्णपदकं तिथलीच आणली, आणि राज्यवर्धनसिंग राठोडनं डबल ट्रॅपचं (यात एकदम दोन ताटल्या सुटतात) सोनं, त्यानंतर दोन वर्षांनी अथेन्स ऑलिंपिकचं रौप्य.

प्रश्न : मी एनसीसीत बेस्ट फायरर होतो, पॉइंट टू टू रायफलचं ग्रुपिंग, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, एका नाण्याखाली झाकलं जायचं. आता नोकरीनिमित्त इंग्लंडात आहे, ऑफिसच्या टीमबरोबर क्ले शूटिंगला गेलो तर जवळजवळ सगळ्या ताटल्या सुखरूप खाली उतरल्या आणि अकाउंट्सच्या बाईंनी माझ्या दुप्पट फोडल्या. बंदुकीत दोष होता का?
— एक वाचक, सध्या रेडिंग

उत्तर : बंदुकीत नाही हो, एनसीसीत! म्हणजे तुमच्या पक्क्या सवयीत. रायफलला श्वास रोखून, एक डोळा मिटून, नेम स्थिर करून हळूच ट्रिगर दाबायचा असतो, टार्गेट बिचारं जागेवर असतं. इथं ताटली ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास सुटते. आडव्या जाणाऱ्या ताटलीवर तीस मीटरवरून बार काढला तर छर्रे पोचेपर्यंत ती दोनेक मीटर पुढं सरकलेली असते, म्हणजे तुम्ही बरोबर ताटलीवर नेम धरलात तर बार हमखास मागं जाणार. आणि नेम पक्का करायला तुम्ही क्षणभर बंदूक थांबवत असणार, मी पैजेवर सांगते, तिथंच सगळं बिघडतं.

दोन्ही डोळे उघडे ठेवा. नजर ताटलीच्या पुढच्या कडेवर, नळीकडे बघायचंच नाही. ताटलीच्या मागून बंदूक फिरवत आणा, तिला ओलांडा, फिरवता फिरवताच दाबा आणि दाबल्यावरही फिरवत राहा. क्रिकेटमध्ये धावत्या फिल्डरला थ्रो करताना तो जिथं पोचणार तिथं बॉल टाकता ना, हिशोब करत बसत नाही. काडतुसात तीनशे-साडेतीनशे छर्रे असतात, त्यांचा पसारा होतो, त्यामुळे केसाएवढ्या अचूकपणाची गरजच नाही.

अजून एक तपासा, तुमचा जोरकस डोळा कुठला. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटं भोक ठेवा, त्यातून लांबचा दिवा बघा, मग एकेक डोळा मिटा, ज्या डोळ्याला दिवा दिसत राहतो तो जोरकस. उजव्या खांद्यावर बंदूक आणि डोळा डावा निघाला तर नेम कायम भलतीकडे जातो, शिकवणाऱ्याला आधीच सांगा, तो चष्म्यावर छोटी टेप लावून देतो. अकाउंट्सच्या बाईंचं गुपित एवढंच की त्यांनी शिकवणाऱ्याचं ऐकलं, विसरायला त्यांच्याकडं काही नव्हतं.

प्रश्न : 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मिक्स्ड स्कीट बघितलं, माहेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नरुका यांचं ब्राँझ एका पॉइंटनं गेलं, तेव्हापासून डोक्यात तेच आहे. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. ट्रॅप आणि स्कीटमध्ये फरक काय आणि महाराष्ट्रात हे शिकता येईल का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : हो रे, 44-43, मलाही रात्री झोप लागली नाही. ट्रॅपमध्ये ताटली समोरच्या खंदकातून निघून तुझ्यापासून लांब पळते, कुठल्या कोनात ते आधी माहीत नसतं, बंदूक खांद्याला लावूनच ‘ताटली सोडा’ अशी हाक द्यायची. स्कीटमध्ये डावीकडं उंच घर, उजवीकडं बुटकं घर, त्यांच्यातून ताटल्या ठरलेल्या वाटेनं येतात, पण बंदूक कंबरेशी धरून उभं राहायचं आणि हाक दिल्यावर ताटली लगेच किंवा तीन सेकंदांपर्यंत कधीही सुटते, ती दिसल्यावरच बंदूक उचलायची. आठ जागांवरून हे करायचं. मला विचारशील तर बघायला स्कीट भारी.

शिकण्याचं स्पष्ट सांगते. आपल्याकडं तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे अशी कोल्हापूरकडची परंपरा आहे, पण ती सगळी रायफल-पिस्तुलाची. छर्ऱ्यांच्या बंदुकीला, म्हणजे शॉटगनला, अडीचशे-तीनशे मीटर मोकळी जागा लागते, छर्रे कुठंतरी पडणार ना, त्यामुळे शहरात दहा मीटरच्या एअर रेंजसारखी ती गल्लीत उघडता येत नाही. देशातली मोठी केंद्रं दिल्ली, पतियाळा, जयपूर, भोपाळ अशी उत्तरेकडं. दिल्लीत तुघलकाबादला 1982 च्या एशियाडसाठी बांधलेली डॉ. कर्णीसिंग रेंज आहे, बिकानेरच्या ज्या महाराजांचं नाव तिला आहे ते पाच ऑलिंपिक खेळले आणि 1962 च्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपचं रौप्य मिळवलं.

खर्चाचं ऐकून दचकू नकोस, पण घरच्यांना आधीच कल्पना दे. ट्रॅपच्या एका पात्रता फेरीत 125 ताटल्या, एकीवर दोन बार काढता येतात, म्हणजे काडतुसं किती जातील बघ, आणि सराव तर रोजचाच. बंदूक परदेशी. इथं सरावालासुद्धा शस्त्र कायद्याचे नियम लागू, सगळं राज्य रायफल असोसिएशनच्या मार्फत करायचं. म्हणून आत्ता जवळच्या एअर रायफल क्लबात नाव घाल, तिथं शिस्त आणि बंदूक हाताळायची रीत पक्की होईल, असोसिएशनची ओळख होईल, आणि सुट्टीत दिल्लीला राष्ट्रीय स्पर्धा असेल तेव्हा जाऊन एक पूर्ण दिवस स्कीटच्या मागच्या जाळीपाशी उभा राहा. कापसाचे बोळे चालणार नाहीत, कानाला चांगले प्लग घेऊन जा.