साईट आमची, उघडतो जुगार

प्रश्न: नमस्कार. गुहागरजवळ आमचं छोटं होमस्टे आहे, आणि सीझनला हापूसच्या पेट्यांचं बुकिंगपण साईटवरूनच होतं. मागच्या आठवड्यात पुण्याच्या एका गिऱ्हाइकाचा फोन, की अहो तुमची साईट उघडली की रमी-जुगाराचं काहीतरी येतंय. मी लॅपटॉपवर धा वेळा उघडून बघितली, एकदम व्यवस्थित. मग बायकोच्या मोबाईलवर गूगलमध्ये शोधून उघडली तर खरंच जुगार! साईट वर्डप्रेसची (साईट बनवायचं तयार सॉफ्टवेअर), भाच्याने बनवून दिलेली, तो आता मुंबईला नोकरीला. होस्टिंगवाले म्हणतायत वर्षाचं सिक्युरिटी पॅकेज घ्या. घेऊ का? की फुकटातलं प्लगइन टाकून भागेल?

उत्तर: पॅकेज आत्ता नको. आणि धा वेळा बघून दिसलं नाही यात तुमची काही चूक नाही, हा मालवेअर, म्हणजे साईटमध्ये घुसवलेला घातक प्रोग्रॅम, लिहिलेलाच तसा असतो. माणूस गूगलवरून आलाय का, मोबाईलवर आहे का हे तो बघतो, आणि लॉगिन केलेला मालक दिसला की गप्प बसतो, म्हणून गिऱ्हाईक बोंबलतं आणि मालक म्हणतो माझ्याकडे तर सगळं ठीक आहे.

आता भाच्याला फोन लावा आणि एकच विचारा, थीम (साईटच्या रूपाचा तयार साचा) कुठून घेतलीस? विकत मिळणारी थीम कुठूनतरी फुकटात उतरवलेली असेल तर बहुतेक तिथूनच शिरलंय. अशा 'नल्ड' थीममध्ये चोरदरवाजा आधीच घातलेला असू शकतो, शिवाय तिला मूळ कंपनीचे अपडेट धड येत नाहीत. ती तशीच ठेवून वर पॅकेज घेणं म्हणजे फुटकं कौल न बदलता खाली बादल्या मांडत बसणं. भाच्याला ओरडू नका हो, पोरं करतात असं.

साफसफाई होईपर्यंत होस्टिंगवाल्यांना सांगून साईट बंद ठेवा, बुकिंग फोनवर घ्या. आहे त्या अवस्थेची एक कॉपी काढून ठेवा, काही चुकलं तर हाताशी असलेली बरी. मग वर्डप्रेस, प्लगइन (साईटला जोडलेले जादा प्रोग्रॅम), थीम सगळं मूळ जागेवरून नवीन उतरवून टाका, जुन्या फायली वाचवत बसू नका. तुमचं स्वतःचं म्हणजे डेटाबेस (साईटवरचा मजकूर नि नोंदी), अपलोड्समधले फोटो आणि डब्ल्यूपी-कॉन्फिग ही सेटिंगची फाईल, बाकी सगळं परत मिळतं. अपलोड्समध्ये पीएचपी फाईल दिसली तर शंका घ्या, तिथे खोलीचे नि आंब्याचे फोटो असतात, प्रोग्रॅमचं काय काम? एचटीअ‍ॅक्सेस फाईल बघा (माणसाला दुसऱ्या साईटवर वळवायची सूचना हिच्यात लपवता येते), आणि युजर्सच्या यादीत अनोळखी अ‍ॅडमिन आहे का तेपण. शेवटी सगळे पासवर्ड बदला, होस्टिंगचा आणि डेटाबेसचासुद्धा, आणि कॉन्फिगमधल्या सॉल्ट की (लॉगिन टिकवणारे गुप्त शब्द) बदला, म्हणजे लॉगिन करून आत बसलेला कुणीही आपोआप बाहेर पडतो.

हे जमणारं नसेल तर एकदाचे पैसे देऊन माहितगाराकडून साफ करून घ्या, पण त्याला विचारा, शिरलं कुठून? उत्तर नसेल तर महिनाभरात परत तेच.

आता टूल. वर्डफेन्स या सिक्युरिटी प्लगइनची फुकट आवृत्ती तुमच्यासारख्याला पुरते. ती आतून स्कॅन करते, वर्डप्रेसच्या फायली मूळ प्रतीशी ताडून बघते. फरक इतकाच की फायरवॉलचे (बाहेरचे हल्ले अडवणाऱ्या भागाचे) नवे नियम फुकटवाल्यांना 30 दिवस उशिरा मिळतात. सुकुरी कंपनीचं साईटचेक हे टूल बाहेरूनच बघतं, त्यामुळे आतला चोरदरवाजा त्याला दिसेलच असं नाही, 'क्लीन' लिहून आलं म्हणून पेढे वाटू नका. आणि दोन-दोन सिक्युरिटी प्लगइन एकत्र घालू नका, साईट नुसती जड होते.

न लागणारी प्लगइन बंद करून ठेवू नका, डिलीटच करा, कारण बंद केली तरी फायली सर्व्हरवर राहतातच, आणि त्यांत भोक असेल तर तिथून शिरता येतं. 2020 च्या सप्टेंबरात फाईल मॅनेजर नावाच्या प्लगइनमध्ये भोक सापडलं, तेव्हा ते 7 लाखांवर साईटवर होतं! उरलेल्यांना ऑटो-अपडेट लावा. बॅकअप अपड्राफ्टप्लस या प्लगइनने गूगल ड्राइव्हवर जाऊ दे, त्याच सर्व्हरवर ठेवलात तर साईटबरोबर तोपण जायचा. आणि रेंज नसते हे कारण सांगू नका, ते काम सर्व्हर करतो, तुमचं नेट त्यात लागत नाही.

साफ झालं की गूगल सर्च कन्सोलमध्ये (साईटमालकांसाठीचं गूगलचं टूल) सिक्युरिटी इश्यूज बघा. तिथे इशारा असेल तर रिव्ह्यू मागा, त्याला काही दिवस जातात, तेव्हा आंब्याची मोहीम त्या हिशोबाने सुरू करा.

प्रश्न: माझी मालवणात बोटिंगची साईट आहे. पत्त्याशेजारी कुलूप दिसतं म्हणजे सेफ ना?

उत्तर: नाही. कुलपाचा अर्थ एवढाच की गिऱ्हाईक आणि साईट यांच्यातलं बोलणं मधल्यामध्ये कुणी वाचू शकत नाही, साईटच्या आत काय बसलंय ते कुलूप बघत नाही. तसलं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या संस्थेकडून फुकट मिळतं, भामट्यांनासुद्धा. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून क्रोमने 2023 मध्ये ते चित्रच काढून टाकलं. वरचं उत्तर वाचा, आणि आज गूगलमध्ये शोधून दुसऱ्याच्या मोबाईलवर स्वतःची साईट उघडून बघा.