पुराच्या घरातली बुरशी आणि पावणेपाच लाखांचं कोटेशन

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. थोडक्यात असं: सांगलीत गावभागात बैठं घर, वर एकच खोली. 2019 ला छातीएवढं पाणी, 2021 ला कमरेएवढं. तेव्हापासून खालच्या तीन खोल्यांत दर पावसाळ्यात काळी बुरशी येते, दोनदा रंग देऊनही. सासऱ्यांना दमा. ठेकेदाराने 4,80,000 चं कोटेशन दिलंय. मिस्टर म्हणतात पर्सनल लोन काढू, सासूबाई पाटल्या मोडायला तयार आहेत. तुमच्याकडे एकेक लाखाच्या तीन एफडी, म्हणजे 3,00,000, लेकीच्या नावाने एसआयपीत 1,60,000 आणि घरखर्च महिना 32,000.

आधी बिनखर्चाचं. सासऱ्यांची कॉट आजच वरच्या खोलीत हलवा. जिना चढायचा त्रास असेल तर निदान सगळ्यात कोरडी खोली त्यांना द्या. पुरात भिजलेली कापसाची गादी अजून वापरात असेल तर ती टाकून द्या, ऊन दाखवून ती सुधारत नाही.

आता कर्ज. 4,80,000 पाच वर्षांसाठी 14 टक्क्यांनी घेतले तर हप्ता 11,170 च्या आसपास बसतो आणि व्याजच साधारण 1,90,000 जातं. मला व्याजापेक्षा ती पाच वर्षं जास्त खटकतात. सांगलीत 2005, 2019 आणि 2021 ला महापूर आला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं होतं. म्हणजे भिंतीचे हप्ते चालू असतानाच कृष्णामाई पुन्हा उंबऱ्यात येऊ शकते. म्हणून या घरात पाण्याने जे जाणार त्यावर एक रुपया घालायचा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या नजरेने कोटेशन बघा. प्लायवूडचं पॅनेलिंग आणि कपाटं 1,60,000, पीओपी 85,000, केमिकल आणि रंग 1,10,000, गिलावा 90,000, नळ आणि वायरिंग 35,000. पहिले दोन आकडे सरळ खोडा. पीओपी भिजला की त्याचा चिखल होतो आणि प्लायवूडच्या मागे ओल कोंडून बुरशीला आयतं घर मिळतं. 2,45,000 तिथेच वाचले.

रंगाचे 1,10,000 सध्या थांबवा. तुमचा रंग दोनदा गेला तो कंपनीमुळे नाही, बहुधा आतली वीट ओली असल्यामुळे. मीही 2019 नंतर घाईने दिवाळीच्या आत ऑफिस रंगवून घेतलं होतं. संक्रांतीला भिंतीला हात लावला तर लोणा लागलेले पोपडे तळहातावर आले. गेलेले पैसे गेले, सांगायचीही लाज वाटते.

भिंत तपासायला दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक पुरतं. कापून, पुसून, चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दिसले तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला असतील तर खोलीत हवा खेळत नाही, मग खिडकी आणि एक्झॉस्ट फॅन बघा. नळाची गळती असेल तर ती सगळ्यात आधी.

भिंतीतूनच येत असेल तर पाऊस संपल्यावर खालचा गिलावा पुराच्या पाण्याच्या जुन्या रेघेपर्यंत काढून वीट उघडी ठेवा. होळीपर्यंत घर भकास दिसेल, पाहुणे विचारतील, विचारू देत. कोरड्या हवेत भिंत फुकट वाळते. नवा गिलावा उन्हाळ्यात, त्यावर नुसता चुना. महागडा रंग पुढच्या वर्षीचा पावसाळा बघून ठरवा. बुरशी घासताना मास्क घाला, साबणाच्या पाण्याने भिंत आधी ओली करा, पंखा बंद ठेवा. कोरडी घासली तर तीच घरभर उडते.

म्हणजे गिलावा आणि नळ-वायरिंग मिळून आत्ताचा खर्च 1,25,000. तीनपैकी ज्या एफडीचं व्याज सगळ्यात कमी ती मोडा. मुदतीआधी मोडल्यावर बँक व्याज थोडं कापते, पण ते कर्जाच्या पासंगालाही पुरणार नाही. वरचे पंचवीस हजार दुसऱ्या एफडीवर कर्ज म्हणून उचला आणि चार-पाच महिन्यांत फेडा. उरलेल्या 1,75,000 मध्ये पाच महिन्यांचा घरखर्च निघतो, त्याला हात नको. पाटल्या आणि लेकीची एसआयपी या विषयात आणूच नका.

वाचलेल्या पैशांतून एक गोष्ट मात्र घ्या: घराचा विमा. एप्रिल 2021 पासून विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक पॉलिसी मिळते आणि त्यात पूर येतो. इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत, सामानाचं संरक्षण त्यातच असतं. आत्ताची बुरशी त्यात बसणार नाही. मेच्या आत काढा, आणि कोरड्या भिंतींचे, सामानाचे फोटो तारखेसह मेलवर टाकून ठेवा.

मिस्टरांना एवढंच विचारा, वायरिंगच्या 35,000 मध्ये मेन स्विच 2019 च्या रेघेच्या वर जाणार आहे का? कोटेशनमध्ये मला ते कुठे दिसलं नाही.